मष्णू गवंड्याचा स्लॅब

मष्णू गवंड्याला आपल्या हाताचा गर्व होता आणि तो लपवायची अक्कल नव्हती. तरुणपणी त्याने वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर काम केलं होतं. तिथे चुन्यात भट्टीची राख घालत आणि समुद्राच्याच पाण्यात कालवत. लाटा आपटून दमल्या, पण भिंतीचा टवका उडाला नाही.

लढाईच्या दिवसांत गावच्या विहिरीवर स्लॅब घालायचा ठरला आणि बेळगावात सिमेंट मिळेना, तेव्हा मष्णूच पुढे झाला. स्टेशनातून इंजिनांची राख आणली. मीठ आणणाऱ्या गाडीवानांकडून समुद्राचं पाणी पिंपं भरून मागवलं. गोडं पाणी वापर म्हणणाऱ्यांना तो हसला. वर माणसं उभी राहणार म्हणून त्याने आत लोखंडी गज टाकले. धक्क्यात लोखंड नव्हतंच, हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही.

तीन वर्षं बायका त्या स्लॅबवर उभ्या राहून पाणी शेंदत होत्या आणि मष्णूचं नाव घेत होत्या. चौथ्या उन्हाळ्यात तो गाळ काढायला विहिरीत उतरला, तर स्लॅबच्या पोटाचे पोपडे सुटलेले. बोट लावलं तसा गजाचा चुरा झाला. खारं पाणी लोखंड खातं, हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"कसा हाय रं स्लॅब?" वर आल्यावर नागोजी पाटलांनी विचारलं.

"झ्याक हाय," मष्णू म्हणाला. चारचौघांत नाक कापून घ्यायची त्याची छाती झाली नाही. पेरण्या उरकल्या की काहीतरी निमित्त काढून फोडू, असं त्याने मनाशी ठरवलं. घरी सुनेला तेवढं बजावलं, "मालू, पाणी वड्याचं आण. हिरीवर जाऊ नगं."

ज्येष्ठात ओढा आटला. मालू घागर घेऊन विहिरीवर गेली आणि स्लॅबसकट खाली गेली.

मालूचं दिवसकार्य झाल्यावर गाव मष्णूच्या ओसरीवर जमलं. नागोजी पाटील मष्णूच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुला कोन बोल लावत न्हाय गड्या. नशीब म्हनायचं."

मुलगा भावकू हुंदके देत म्हणाला, "आप्पांनी तिला सांगितलं व्हतं, हिरीवर जाऊ नगं म्हणून. लई बजावलं व्हतं."

पाटलांनी हात काढून घेतला.

"तुझ्या सुनंला सांगितलंस," ते सावकाश म्हणाले, "आनि आमच्या बायका-पोरी रोज तिथंच हुब्या ऱ्हात व्हत्या, मष्णू."

भावकूचं रडणं थांबलं आणि तो बापाच्या तोंडाकडे बघत राहिला.