मधली छप्पन्न अक्षरं

चोदाक-ला म्हणजे चिकाटीची कमाल. साठी उलटलेला, एकेकाळचा भिक्षू. हिमाचलातल्या धर्मशाळा गावच्या तिबेटी छापखान्यात पोथ्यांची मुद्रितं तपासण्यात त्याची वीस वर्षं गेलेली. गुरुवारी सकाळी तो नवा प्रोग्राम आपल्या कॉम्प्युटरवर घ्यायला कार्यालयातल्या यांगदोनच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, आधी आकडा तपासू.

"गेन-ला, मंगळवारीच तपासलाय मी. जुळला." सगळे त्याला गेन-ला म्हणत; गेन म्हणजे गुरुजी, आणि 'ला' आपल्या 'जी'सारखं.

"मग पुन्हा जुळेल. तुझं काय जातंय?"

प्रोग्राम फाइलींना कुलूप लावणारा, जगभरच्या लोकांनी मिळून केलेला, फुकट. यांगदोनच्या कार्यालयात त्या कुलपाखाली त्रेसष्ट जणांची यादी होती. तिबेटात राहून इकडे बातमी पोचवणाऱ्यांची नावं, गावं, फोन. ती भलत्या हाती लागली तर त्रेसष्ट दारांवर चिनी पोलिसांची थाप पडणार, हे सांगायला नको. एकोणिसावं नाव ल्हामोचं, यांगदोनच्या धाकट्या बहिणीचं.

नवी आवृत्ती तिने एका मेलमधल्या दुव्यावरून उतरवली होती. उतरवलेल्या फाइलीचा, अंक आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेला चौसष्ट अक्षरी आकडा आपला कॉम्प्युटर काढून देतो. तो आकडा प्रोग्राम बनवणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या पानावरल्या आकड्याशी ताडायचा. वाटेत कुणी फाइलीत एवढंसं काही घुसवलं तरी आकडा पार बदलतो. पण चौसष्ट अक्षरं वाचत कोण बसणार? पहिली चार पाहायची, शेवटची चार पाहायची. ही रीत यांगदोननेच पाडली होती. तिबेटी वस्त्यावस्त्यांतल्या कार्यालयांना शिकवली, कागद छापून वाटला, आणि कौतुकही करून घेतलं.

"आणि मधली छप्पन्न काय शोभेला आहेत?" चोदाक-लाने चष्मा चढवला आणि बनवणाऱ्यांच्या पानावरचा आकडा वाचायला लागला, पोथी वाचावी तशा संथ सुरात. यांगदोन आपल्या पडद्यावर बोट ठेवून बसली.

"सात."

"आहे."

"एफ. तीन. शून्य."

"आहे, आहे, आहे. तुमचा चहा गार होतोय."

"होऊ दे. नऊ."

यांगदोनचं बोट थांबलं. तिथे दोन होता.

"पुन्हा वाचा."

"नऊ. मग बी. मग चार."

तिच्यासमोर दोन, सी, आठ होते. "ओळ चुकली असेल तुमची," ती म्हणाली.  तो उठून तिच्या मागे येऊन उभा राहिला. मधलं जवळजवळ काहीच जुळत नव्हतं. शेवटची चार मात्र तंतोतंत तीच.

"फाइल उतरताना बिघडली असेल," यांगदोन म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटला.

"बिघडली असती तर सगळंच बदललं असतं. ही आठ अक्षरं कुणीतरी बसून जुळवलीत, पोरी. आपण तेवढीच बघतो हे त्याला ठाऊक आहे."

 यांगदोनने छापलेला कागद कुणीतरी नीट वाचला होता, तिच्या विद्यार्थ्यांपेक्षाही नीट.

"यादी उघडलीस का त्यानंतर?"

"काल. दोनदा."

चोदाक-लाने वाकून इंटरनेटची वायर उपटली. दोन दिवस उशिरा उपटलेली वायर. ती हातात धरून तो तसाच उभा राहिला.

"ल्हामोला फोन कर. निघून जा म्हणावं."

तिने फोन उचलला, नंबर अर्धा लावला आणि थांबली. यादी त्यांनी अजून वाचली नसेल, तर इथून गेलेला फोनच त्यांना बहिणीच्या दारापर्यंत नेईल. वाचली असेल, तर आता घालवलेलं प्रत्येक मिनिट ल्हामोचं. यातलं खरं काय, हे सांगणारा आकडा कुठल्याच पानावर नव्हता.

"काय करू, गेन-ला?"

 तो नुसता तिच्या शेजारी बसला.

यांगदोनने फोन टेबलावर ठेवला. बारा वर्षं तिने रोज सकाळी दिवा लावताना एकच मागणं मागितलं होतं, ल्हामोचा फोन येऊ दे. आता ती त्या फोनकडे बघत बसली होती, आणि तो वाजू नये म्हणून तिचे ओठ हलत होते.