घट्ट म्हणजे किती

भिंगरीचे दात माझ्या मनगटाच्या वर रुतले होते आणि तिचा बाप मूठ उगारून उभा होता. मारायचं असेल तर आधी खोलीबाहेर व्हा, असं मी त्याला सुनावलं. मुलाने चावा घेतला की हात मागे ओढायचा नसतो, मांस फाटतं. उलट तो तोंडात आणखी ढकलायचा, मग जबडा आपोआप सुटतो. तसा तो सुटला. रक्त पुसत मी त्याला समजावलं की ही मस्ती नाही, हिला ट्यूबलाइटची गुणगुण सोसत नाही. तो गोदामात पोती उचलणारा माणूस. त्याला गुणगुण ऐकूच येत नव्हती.

बावीस वर्षं मी स्वमग्न मुलांना ऑक्युपेशनल थेरपी देते. म्हणजे बटण लावायला, चमचा धरायला, गर्दीत कान न झाकता उभं राहायला शिकवते. आणि कुणी डोकं आपटायला लागलं की भिंतीवर माझा तळवा ठेवते. दगडापेक्षा वीट मऊ. पालक मला उशीबाई म्हणतात. दोन बोटं कायमची वाकडी झाली आहेत, पण नाव मला आवडतं.

भिंगरी पाच वर्षांची, दिवसभर स्वतःभोवती फिरणारी. तिच्या आजीने घरात दोर काढून ठेवला होता. खाटेला बांधा, म्हणजे सगळ्यांच्या जिवाचा घोर मिटेल, असं तिचं म्हणणं. तो दोर पोरीच्या अंगाला लागू नये म्हणून आई तिला माझ्याकडे घेऊन येत होती.

त्या दिवशी मी बापाला मिठी शिकवली. तिचं बिनसलं की मागून धरा, दोन्ही हातांनी दाबा. अंगाला दाब मिळाला की ती निवते.

"घट्ट म्हणजे किती?" त्याने विचारलं.

"चांगलं घट्ट."

एरवी मी पालकांना आधी माझाच दंड दाबायला लावते. थोडं कमी, थोडं जास्त, असं म्हणत त्यांच्या हाताचं माप ठरवते. त्या दिवशी मनगट ठणकत होतं आणि पुढचं मूल दारात रडत होतं. मी माप घेतलं नाही.

आठ दिवसांनी भिंगरी आईबापांबरोबर आली ती डाव्या हाताला प्लास्टर घालून. आईने खाली बघतच सांगितलं की मिक्सर लावला आणि पोर बिथरली. बापाने धरलं. ती जितकी किंचाळली तितकं त्याने आवळलं. हाड मोडल्याचा आवाज आईला ओट्यापाशी ऐकू आला. आता तिला कुणी बोट लावलं तरी ती स्वतःलाच ओरबाडते, आणि आज सकाळी आजी दोर घेऊन खाटेपाशी बसली आहे.

मी बापाच्या कानाखाली वाजवली. बावीस वर्षांत कुणावर हात उचलला नव्हता.

तो जागचा हलला नाही. "तुम्हीच म्हणालात, घट्ट," तो म्हणाला. "सोडायचं कधी, ते नाही सांगितलंत."

त्याचं बरोबर होतं. म्हणूनच दुसरी द्यावीशी वाटली.

माझ्या थपडेच्या आवाजाने भिंगरी उसळली. धावत जाऊन तिने भिंतीवर कपाळ आपटलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. चुन्यावर लाल डाग उमटला. आई पुढे झाली तर तिने प्लास्टरचा हात आईच्या ओठावर हाणला. तिला धरायची कुणालाच सोय उरली नव्हती आणि त्याला मीच कारण होते.

मी तिला हात लावला नाही. भिंतीपाशी बसले आणि तिच्यापासून वीतभर लांब भिंतीवर तळवा टेकवला. ती थांबली. माझ्याकडे नाही, हाताकडे पाहिलं. मग चांगल्या हाताने माझं वाकडं बोट पकडून तळवा फराफरा ओढला, लाल डागावर बसवला, आणि त्यावर डोकं आदळलं. कळ खांद्यापर्यंत गेली. मी मोठ्याने रडले, दुखलं म्हणून नव्हे.

बाप गुडघ्यांवर बसला. दुसऱ्या हाताचा दंड मी त्याच्यापुढे केला आणि दाबायला सांगितलं. त्याने बोटं टेकवली, अगदी हलकी, आणि लगेच काढून घेतली. मग त्याने आपला रुंद तळवा माझ्या तळव्याशेजारी भिंतीवर ठेवला. भिंगरीने तो ढकलून दिला.

त्याने तो पुन्हा ठेवला, वीतभर लांब, आणि तिथेच राहू दिला.