पिरोतच्या छापखान्यातली लाल रेघ

मित्रांनो, मी शुद्धलेखन तपासणारा एक जुना प्रोग्राम आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंडही नाही. सर्बियातल्या पिरोत गावात निशावा नदीच्या पुलापाशी एक छोटा छापखाना आहे, तिथल्या संगणकात मी राहतो. लिहिताना एखादा शब्द चुकला, की त्याच्याखाली मी एक वळवळती लाल रेघ ओढतो. शब्द बरोबर असला, तर गप्प बसतो. बस, एवढंच माझं काम. पण ह्या गप्प बसण्यानेच मी विदाबाईंचा घात केला. त्याला आता काही महिने झाले, तरी ते मनातून जात नाही.

मला कुणी एकाने घडवलं नाही. कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी आपापले पोटापाण्याचे उद्योग सांभाळून, निव्वळ हौसेने मला लिहिलं. सर्बियन शब्दांचं गाठोडं एका निवृत्त मास्तरांनी बांधून दिलं म्हणतात. गाठोडी खरं तर दोन. इथली माणसं एकच भाषा दोन लिप्यांत लिहितात. मोबाइलवरचा निरोप, खानावळीतला फळा, दुकानाची पाटी हे बहुतेक लॅटिन, म्हणजे इंग्रजीसारख्या अक्षरांत. देवाधर्माचं, सरकारी आणि मेलेल्या माणसाचं मात्र सिरिलिक, म्हणजे रशियनसारख्या अक्षरांत. हे कुणी कुणाला शिकवत नाही, हात आपोआप तिकडे वळतो. मी एका वेळी एकच गाठोडं सोडतो, आणि जे सोडलं असेल त्याच लिपीकडे बघतो. दुसऱ्या लिपीतली अक्षरं समोर आली, तर ती मला शब्द वाटतच नाहीत. भिंतीवरच्या नक्षीकडे बघावं तसं मी त्यांच्याकडे बघतो आणि पुढे जातो. ही माझी जन्मखोड आहे.

छापखान्याचे मालक ग्रादिमिर. वडिलांच्या मागे त्यांनी धंदा चालवला. जुन्या संगणकाला दुसरं काही झेपेना, म्हणून त्यांनी त्यात लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली आणि लिनक्सबरोबर मी आलो. लग्नपत्रिका, सभेची पत्रकं असं काहीबाही आम्ही छापतो, पण खरा धंदा निधनाच्या पत्रकांचा. इथे माणूस गेला, की त्याचा फोटो आणि काळी चौकट असलेला कागद छापून फाटकावर, चर्चजवळच्या फळ्यावर, बसथांब्यावर आणि विजेच्या खांबांवर चिकटवतात. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. बाजाराला निघालेली माणसं खांबापाशी थांबतात, पिशवी खाली ठेवतात, वाचतात, छातीवर क्रूस काढतात आणि मग मिरच्या घ्यायला जातात. त्या कागदावर चूक म्हणजे मेलेल्या माणसाची भर रस्त्यात शोभा. म्हणून माझं काम लहान असलं, तरी हलकं नव्हतं.

हे सगळं टाइप करायच्या विदोसावा, म्हणजे आमच्या विदाबाई. कापडगिरणी बंद पडली, तेव्हा त्या इथे आल्या. बोटं अशी चपळ, की बघत राहावं. पण त्यांचं एक दुखणं होतं, आणि ते फक्त मला ठाऊक होतं. अक्षरं त्यांच्या डोळ्यांपुढे एका जागी ठरत नसत. मधलं पुढे यायचं, पुढचं मागे जायचं. ओळ वाचायची म्हणजे त्यांना घाम फुटायचा. कुणी काही वाचायला दिलं, की चष्मा घरी राहिलेला असे. टाइप करून झालं, की त्या शब्द वाचत नसत, माझ्या रेघा बघत. रेघ दिसली, की अक्षरं हलवायची, पुन्हा हलवायची, रेघ गेली की पुढे जायचं. मला ओळखता न येणारी आडनावं त्या गिऱ्हाइकाकडून एकेक अक्षर विचारून घेत आणि मला शिकवून ठेवत. असं आमचं दोघांचं वर्षानुवर्षं चाललं होतं. गावात म्हणायचे, ग्रादिमिरच्या छापखान्यात एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. ते ऐकलं, की विदाबाई पडद्यावरची धूळ पुसता पुसता मला म्हणायच्या, "ऐकलंस का रे? आपलं नाव झालंय. आता डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस."

त्यांना भीती एकच होती. आपल्याला नीट वाचता येत नाही हे मालकांना कळलं, तर ही खुर्ची जाणार. आणि पंचावन्नाव्या वर्षी पिरोतमध्ये दुसरी खुर्ची कोण देणार? नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या एकटीच्या कामावर चाललेलं. ही भीती त्या कुणापाशी बोलल्या नाहीत, माझ्यापाशी मात्र रोज बोलायच्या.

मग तो रविवार आला. मालकांच्या भाचीचं लग्न ठरलं होतं आणि नवऱ्या मुलाकडची माणसं क्रोएशियातल्या झाग्रेबची. त्यांना सिरिलिकची सवय नाही, म्हणून पत्रिका लॅटिनमध्ये करायची ठरली. छापखाना बंद असताना मालक एकटेच येऊन बसले. लॅटिनमध्ये मी काही तपासेना, म्हणून त्यांनी माझ्या सेटिंगची फाइल उघडली आणि भाषेच्या नावाची ओळ बदलली. मी पहिलं गाठोडं बांधून दुसरं सोडलं. पत्रिका झकास झाली. मालकांनी स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन कपाटातली राकिया, म्हणजे फळांची दारू, थोडी घेतली, दिवा मालवला आणि घरी गेले. ओळ होती तशीच राहिली.

सोमवारी विदाबाई आल्या. त्या दिवशीचं काम होतं झिवादिन ह्यांच्या चाळिसाव्याचं पत्रक. झिवादिन म्हणजे गावाच्या शाळेच्या बसचे जुने ड्रायव्हर. विदाबाईंनी टाइप केलं, सिरिलिकमध्ये, नेहमीप्रमाणे. शब्दांमागून शब्द चुकत होते आणि मी नक्षी बघत बसलो होतो. त्यांनी वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. एकही लाल रेघ नव्हती.

"एकही नाही?" त्या स्वतःशीच हसल्या. "शिकले वाटतं मी ह्या वयात."

मित्रांनो, त्यांचं ते हसू मला अजून विसरता येत नाही. त्यांना वाटलं, मी शाबासकी दिली. त्यांनी फोटो बसवला आणि प्रिंटचं बटण दाबलं. त्या आठवड्यात टाइप करायचं दुसरं काम आलंच नाही.

शुक्रवारी दुपारी झिवादिन ह्यांच्या पत्नी येव्रोसिमाबाई दुकानात आल्या. काळे कपडे, काळा रुमाल, आणि काखेत फाटक्या कागदांची चवड. गावभर फिरून त्यांनी खांबाखांबावरचे कागद स्वतःच्या नखांनी ओरबाडून काढले होते. बोटांना खळ लागली होती ती तशीच होती.

"ग्रादिमिर, माझ्या लग्नाची पत्रिका तुझ्या बापाने छापली होती," त्या म्हणाल्या. "त्यात माझा नवरा माणसासारखा माणूस होता. तुझ्या कागदावर तो कोण झालाय, तेवढं वाचून दाखव."

मालकांनी कागद घेतला. नावातली अक्षरं मागेपुढे होऊन भलताच, हसू येईल असा शब्द झाला होता. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले.

"लोक खांबापाशी उभं राहून हसत होते," येव्रोसिमाबाई म्हणाल्या. "त्याच्या फोटोसमोर. ह्यांच्याच पोरांना तो बर्फातून शाळेत सोडायचा. उद्या सकाळी मी कबरीवर चाळिसाव्याचा शिजवलेला गहू घेऊन जाणार. सगळं गाव येणार. कुठल्या तोंडाने जाऊ?"

मालक वळले. "विदाताई, हे तुम्ही तपासलं होतं ना?"

"तपासलं होतं."

"मग हे दिसलं नाही तुम्हाला? आता वाचा बरं. मोठ्याने."

विदाबाई उभ्या राहिल्या. कागद त्यांनी हातात घेतला. चष्मा गळ्यातच लटकत होता, त्यामुळे तीही पळवाट राहिली नव्हती. "मला जमत नाही, मालक," त्या शेवटी म्हणाल्या. "अक्षरं येतात मला. पण ती जागेवर राहत नाहीत."

"जमत नाही? मग इतकी वर्षं कोण वाचत होतं इथे?"

त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "हा."

मित्रांनो, मला त्या क्षणी धरणीने पोटात घ्यावं असं झालं.  मग मालक हळू आवाजात म्हणाले, "विदाताई, सोमवारपासून येऊ नका." विदाबाई खुंटीवरचा कोट काढायला गेल्या.

मालक माझ्यासमोर बसले. उद्यासाठी नवे कागद हवेच होते. ते घाईत होते, त्यांना दोन बोटांनी टाइप करायची सवय, आणि येव्रोसिमाबाई खांद्यामागे उभ्या. दुसऱ्याच ओळीवर बाई म्हणाल्या, "हे काय लिहिलंस? तुझीही अक्षरं पळायला लागली का?"

विदाबाईंचा एक हात कोटाच्या बाहीत गेला होता. त्या थबकल्या. "मालक, तुम्ही चुकलात आणि ह्याने रेघ ओढली नाही."

"मग?"

"मग मी नाही, हा झोपलाय."

त्या बाही तशीच लोंबत ठेवून खुर्चीपाशी आल्या. तपासणी बंद केली, चालू केली. काही नाही. मालकांनी संगणक बंद करून पुन्हा लावला. काही नाही. शब्दांचं गाठोडं पुसलं गेलं असेल, असं मालकांना वाटलं. त्यांनी शोधलं, तर ते जागेवर. विदाबाईंनी मुद्दाम वेडीवाकडी अक्षरं बडवली, ज्याला जगात कुठे अर्थ नाही अशी. मी ढिम्म. मला ओरडायचं होतं, पण नक्षीखाली रेघ कशी ओढणार?

"म्हातारा झालाय," मालक म्हणाले. "टाकून देऊ. मावशी, हा सगळा ह्या यंत्राचा दोष."

हे ऐकून मला बरं वाटलं. टाकून देतील तर देवोत, पण ठपका विदाबाईंवरून उठून माझ्यावर येईल. पण विदाबाई थांबल्या नाहीत. लिपी बदलायच्या कळा दाबून त्यांनी पुन्हा तीच वेडीवाकडी अक्षरं बडवली, ह्या वेळी लॅटिनमध्ये. मी जिवाच्या आकांताने रेघ ओढली. पडद्यावर पहिल्यांदा लाल दिसलं.

"जागा आहे हा," विदाबाई म्हणाल्या. "फक्त दुसऱ्या लिपीकडे बघतोय. ह्याला तिकडे कुणी वळवलं?"

 मालकांनी माझी सेटिंगची फाइल उघडली आणि त्या ओळीकडे बघत राहिले. ती त्यांची ओळ होती, हे त्यांना कळलं आणि मला कळलं. बाकी कुणालाही कळायचं कारण नव्हतं. ते मूग गिळून बसले असते, तर विदाबाई त्याच कोटात घरी गेल्या असत्या. मला तर काही बोलताच येत नव्हतं. मालकांनी पडद्यावरून नजर काढून विदाबाईंकडे बघितलं.

"मी वळवलं," ते म्हणाले. "रविवारी, भाचीच्या पत्रिकेसाठी. परत फिरवायचं विसरलो." त्यांनी ओळ दुरुस्त केली आणि सोमवारचं पत्रक उघडलं. पान लालेलाल झालं. मी आठवडाभर दाबून ठेवलेल्या सगळ्या रेघा एकदम ओढल्या होत्या, आणि आता त्यांचा कुणाला उपयोग नव्हता.

येव्रोसिमाबाईंनी खुर्ची ओढली. "म्हणजे तू ह्याच्यावर सोडलंस, हिनेही ह्याच्यावरच सोडलं, आणि हा डबा बसला दुसरीकडे बघत. तिघांत मिळून माझ्या नवऱ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती."

कुणीच मान वर केली नाही. मीही वर केली नसती.

"विदाताई, कोट काढा," मालक म्हणाले. "तुम्हीच टाइप करा."

त्यांनी कोट काढला आणि टाइप केलं. मी रेघा ओढल्या, त्यांनी अक्षरं हलवली. शेवटची रेघ गेली, पान स्वच्छ झालं. त्यांचं बोट प्रिंटच्या बटणापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "हा गप्प आहे म्हणून मी आता छापणार नाही. मावशी, तुम्ही मोठ्याने वाचा."

येव्रोसिमाबाईंनी रुमालाने चष्मा पुसला आणि वाचायला लागल्या. शनिवारी चाळीस दिवस होत आहेत, आमच्या प्रिय... इथपर्यंत आवाज खणखणीत होता. पुढे नाव होतं. त्या नावापाशी त्या थांबल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच थांबल्या. भांडायला आल्या तेव्हापासून एकदाही त्यांनी ते नाव तोंडातून काढलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मालक पुढे वाचायला वाकले, पण त्या नावापाशी तेही अडले. शाळेला ते त्याच बसने जायचे.

मग विदाबाईंनी वाचलं. बोट पडद्याला लावून, एकेक अक्षर धरून, सुटलं की मागे जाऊन. झि, वा, दिन. एका ओळीला एवढा वेळ लागला, की बाहेरचं गिऱ्हाईक दार उघडून आत आलं आणि टोपी काढून तसंच उभं राहिलं. त्या शेवटपर्यंत गेल्या, पत्नी येव्रोसिमा ह्या शब्दांपर्यंत.

"बरोबर आहे," येव्रोसिमाबाई म्हणाल्या. "छाप आता, पोरी."

संध्याकाळी खळीची बादली घेऊन मालक स्वतः खांबाखांबावर गेले. जाताना दारातून म्हणाले, "सोमवारी आठला या, विदाताई. आणि छापायच्या आधी रोज असंच वाचा. मी ऐकेन." विदाबाईंनी मान डोलावली.

मित्रांनो, मी अजून त्याच संगणकात आहे. मला टाकून दिलं नाही, ह्याचं मला थोडं ओशाळवाणंच वाटतं. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी कामाला असेल, तर त्याची एवढी काळजी घ्या. तो फार दिवस गप्प राहिला, तर खूश होऊ नका. एखादा शब्द मुद्दाम चुकीचा लिहा आणि बघा, तो काही बोलतो का. आणि ज्या कागदावर कुणाच्या घरच्या माणसाचं नाव असेल, तो माझ्या एकट्याच्या भरवशावर कधीही छापू नका.