चरबीचे हात

आमच्या या बर्फाळ उत्तरेतल्या गावाला बचावासाठी आलेली गाडी तुम्ही कुलपात घातलीत, साहेब. बर्फावर पळणारी कोरी स्नोमोबाइल, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही, आणि किल्ली तुमच्या खिशात बसून विमानाने दक्षिणेला गेली. गाडी झिजू नये म्हणून! माणसं झिजलेली चालतात तुम्हाला. मग त्या दिवशी काय झालं तेही ऐका.

आमचा पौलुसी गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला आणि घसरून घोटा मोडून झोपडीत पडला. गावातले धडधाकट गडी त्याला तळ्यावर सोडून कॅरिबू हरणांच्या शिकारीला लांब गेलेले. वारा फिरत होता, झोपडीतलं रॉकेल संपत आलं होतं. वादळाच्या आधी कुणी पोचलं नाही, तर पौलुसी तिथेच गारठणार होता. त्याची बायको अलासी घरी सीलचं कातडं खरवडत होती. रेडिओवर नवऱ्याचा आवाज ऐकला तशी उठली. घरच्या जुन्या स्नोमोबाइलचा, इंजिनाच्या जोरावर गाडी ओढणारा, झिजलेला रबरी बेल्ट काढून नवा चढवला, मागे बर्फावरून ओढायची घसरगाडी बांधली आणि सुटली.

अर्ध्या वाटेत इंजिन नुसतं बोंबलायला लागलं. गाडी पुढे सरकेना. जळक्या रबराचा वास सुटला. अलासीने रेडिओ तोंडाशी धरला.

"पौलुसी, बेल्ट घसरतोय."

"नवा बेल्ट कसा घसरेल? अगं, हात धुतले होतेस का?"

तिने हातांकडे पाहिलं. नखांत सीलची चरबी. लग्न झाल्यापासून हा माणूस तिला क्लचजवळ फिरकू देत नव्हता, ते याच भीतीने.

"नाही धुतले."

रेडिओ सगळ्या गावाचा. लगेच कितुरा आजी घुसली. "बेल्ट तळायला घेतलास काय गं?"

"आजी, तू मध्ये बोलू नकोस!"

"घोटा तुझा, बाबा. रेडिओ माझ्या घरातला आहे."

"जादा बेल्ट कुठे ठेवलायस?" अलासीने विचारलं.

"माझ्या कोटातच राहिला. उबेला ठेवलेला."

"मला कधी इतकं छातीशी धरलं नाहीस!"

गाव खो खो हसलं. पौलुसीही हसला, मग कण्हला. ते कण्हणं ऐकून अलासीचं हसू विरलं.

"साबणाच्या पाण्याने धुवावा लागतो तो," तो म्हणाला.

"माझ्याकडे गोड चहा आहे. त्याने धुऊ?"

"खबरदार!"

तिने बेल्ट उतरवला. गारठ्याने त्यावरची चरबी थिजून पांढरी पडली होती. असली चरबी तिने जन्मभर काढली होती, कोल्ह्याच्या केसाळ कातड्यावरून.

"कोरड्या बर्फाने घासते," ती म्हणाली.

"अगं, क्लचमध्ये बर्फ गेला तर..."

"क्लचला नाही, बेल्टला! मला अक्कल शिकवू नकोस. तुझ्या टोपीचं कातडं कुणी साफ केलं?"

तो मऊ आवाजात म्हणाला, "बरं. तोवर क्लच निवू दे. बेल्ट ज्यांच्यात फिरतो त्या तबकड्या कोरड्या फडक्याने पूस. नखाने खरवडू मात्र नकोस."

तिने पिठासारखा बर्फ बेल्टच्या कडांवर चोळला, बेल्ट गुडघ्यावर आपटला, बर्फ झटकला, पुन्हा नवा घेतला. बोटं बधिर झाली की काखेत घालायची, पुन्हा चोळायची. आतल्या सदऱ्याची बाही फाडून तिने तबकड्या पुसल्या, चकचकीत होईपर्यंत. बेल्ट चढवला तो हातमोजे घालून.

"सुरुवातीला हळू चालव," पौलुसी म्हणाला.

"तू मरू नकोस म्हणजे झालं."

गाडीने बर्फावर पकड घेतली.

ती पोचली तेव्हा वारा झोपडीची फळी वाजवत होता. पौलुसी दाराशी सरपटत आला होता. तिने त्याला उचलून घसरगाडीत घातलं, कातड्यांत गुंडाळलं. त्याने तिचे सुजलेले हात ओढले, हुंगले.

"अजून वास मारतायत," तो म्हणाला आणि दोन्ही हात आपल्या कोटात, त्या उबदार बेल्टच्या शेजारी घातले. डोळे पुसायला त्याच्याकडे हातच उरला नाही.

वादळ गावात शिरलं त्याच्या थोडंच आधी दोघं घरी आले.

नवऱ्याचा घोटा बांधून झाल्यावर अलासीने रेडिओ उचलला.

"साहेब, दक्षिणेतल्या तुमच्या कार्यालयातही हाच रेडिओ ऐकू येतो, मला ठाऊक आहे. माझा म्हातारा आज वाचला. पुढचा माणूस पडेल तेव्हा ती गाडी बाहेर कोण काढणार? नाव सांगा. गाव ऐकतंय. बोला."