चोथा कुणी टाकायचा

नवऱ्याचा, छिंगसोंगचा, काढा सूयुन रोज मागच्या दारी मातीच्या भांड्यात उकळायची. वैद्यांच्या पुडीत बिया, मुळं, कसल्याशा साली असायच्या. वास असा, की या घरात कुणीतरी औषध घेतंय हे अख्ख्या गल्लीला कळावं. कोण घेतंय, ते गल्लीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. लग्नाला सहा वर्षं होऊन पाळणा हलला नाही, तर दोष सुनेचाच असणार. सूयुन तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होती, आणि छिंगसोंग मूग गिळून गप्प होता. भला माणूस म्हणून त्याचं नाव होतं. असली नावं अशीच टिकतात.

सासूही सोडत नव्हती. "अंडं न देणाऱ्या कोंबडीचं आपण काय करतो गं?" असं भाताचा घास घेता घेता विचारायची.

काढ्याचा चोथा रस्त्यावर टाकायची तिथली रीत. येणाऱ्याजाणाऱ्यांनी तुडवला, की दुखणं त्यांच्या पायांबरोबर निघून जातं म्हणे. छिंगसोंग मात्र तो कोबीच्या वाफ्यात पुरायचा. न जाणो, कुणी ओळखला तर?

ओळखला त्याच्या आईनं. कोबी काढताना हाताला लागला, तशी मूठभर घेऊन ती चुलीपाशी आली. सूयुन काढा गाळत होती, छिंगसोंग शेजारी उभा होता.

"हे तू पितोस," आई मुलाला म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. "दोष माझ्यात आहे, आई."

"तुझ्या बाबांनीही हेच घेतलं. कित्येक वर्षं. या बिया, या साली मी मेले तरी विसरायची नाही."

त्याच्या जिवात जीव आला. "मग गुण आला की. मी झालो ना."

"तू तुझ्या धाकट्या काकांचा. त्यांचा तिसरा मुलगा. आम्हाला दिला."

दर नववर्षाला त्या काकांना छिंगसोंग वाकून नमस्कार करायचा, आणि ते दुसरीकडेच बघायचे. आता आशेला जागाच उरली नाही.

"आणि हे पुरतोस कशाला?" आई म्हणाली. "चोथा बायकोनं टाकायचा, चारचौघींच्या देखत. मी टाकला. दुखणं गेलं नाही, पण तुझ्या बाबांकडे कुणी बोट दाखवलं नाही."

"तुम्ही हे सगळं भोगलंत," सूयुन म्हणाली, "आणि तरी मला कोंबडी म्हणालात?"

"मलाही म्हणायचे. वाटलं, तुझ्यात खरंच दोष असेल."

सूयुननं चोथ्याचं भांडं उचललं आणि नवऱ्याकडे पाहिलं. "टाकू?"

तो वाटेतून बाजूला झाला. ती बाहेर गेली.

समोरच्या फान काकू ओट्यावर शेंगा सोलत होत्या. "किती पिशील गं? एवढं खडकावर ओतलं असतं तर गवत उगवलं असतं."

"माझं नशीब, काकू."

छिंगसोंग दारात येऊन उभा राहिला. एकच वाक्य बोलायचं होतं. काकूही त्याच्याकडे बघत होत्या.

"आत ये," तो सूयुनला म्हणाला, "जेवण निवतंय."

सकाळी चोथा तसाच पडलेला होता. बायाबापड्या वळसा घालून जात होत्या. ते दुखणं कुणाला हवंय? सूयुन दारात उभी होती. तिच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून छिंगसोंग मान खाली घालून भराभर कामावर निघाला, आणि चोथ्यावर पहिला पाय त्याचाच पडला.