नाईटवाल्याचं दार

आनंदरावांनी हिरव्या डब्याचं झाकण उचललं आणि खांद्यावरचा टॉवेल नाकाशी धरला. आत दुधीची सालं होती, चहाचा चोथा होता, वर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या काड्या. चार महिन्यांत त्यांच्या घरात दुधी शिजला नव्हता. दुधी काय, काहीच शिजलं नव्हतं. सेक्टर सहाच्या बाजारातून मेसचा टिफिन यायचा आणि उरलंसुरलं त्याच टिफिनमधून परत जायचं. ओला कचरा म्हणावा असं या क्वार्टरमध्ये काही निघतच नव्हतं, आणि तरी डबा आठवडाभर रोज सकाळी भरलेला.

कचऱ्याचं एवढं नव्हतं. भरलेला डबा म्हणजे मैनाबाई आलीच. कचरागाडीवाली मैनाबाई शिट्टी वाजवत यायची, बाकीच्यांचे डबे स्वतःच उचलून गाडीत रिकामे करायची आणि पुढे जायची. यांच्या फाटकाशी मात्र डबा भरलेला दिसला की घंटी वाजवत उभी राहायची, आनंदराव बाहेर येऊन आपल्या हातानं डबा देईपर्यंत. रिटायर होऊन त्यांना दोन महिने झाले होते. दुपारपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडायची मुभा जन्मात पहिल्यांदा मिळाली होती, आणि तेवढं सुखही या बाया मिळू देत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी ते सहालाच उठून खिडकीशी बसले. पाहुणा फार लांबून येणारा नव्हता. दोन क्वार्टरांमधल्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडून पंचफुलाचा हात आला, झाकण उचललं गेलं, परात रिकामी झाली. आनंदराव चप्पल न घालताच बाहेर आले.

"वयनी, तुमचा डबा फुटला का?"

पंचफुला दचकली. परात तिनं पोटाशी धरली.

"नाही, भाऊ."

"मंग भरला असन."

"नाही."

"मंग आमच्या डब्यात कावून टाकून राहिले?"

 वीस वर्षांची शेजारीण, भिंतीवरून विरजण मागणारी, त्यांच्या बायकोचं, शालूचं डोकं दुखलं तर तेल घेऊन येणारी. शालू गेल्यावर मात्र तिनं या घराची पायरी चढली नव्हती. पुण्यानुमोदनाच्या दिवशीही शेवटच्या रांगेत बसून, न जेवता निघून गेली होती. आनंदरावांच्या ते मनात राहून गेलं होतं, आणि आता ते बाहेर आलं.

"शालू असती तर तुमची हिंमत झाली असती का? माणूस गेलं म्हणून घराचा उकिरडा केला तुमी."

पंचफुलाचा चेहरा पडला. परात तशीच धरून ती वळून आत गेली. तिच्या दाराची कडी अगदी हलकेच लागली.

त्यानंतर डबा स्वच्छ. मैनाबाईची शिट्टी गल्लीच्या तोंडाशी वाजायची, पंचफुलाच्या फाटकाशी थांबायची आणि आनंदरावांचं फाटक ओलांडून पुढे जायची. पहिल्या दिवशी त्यांना जिंकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी ते अकरापर्यंत पडून होते. तिसऱ्या दिवशी मेसचा टिफिन फाटकाला टांगलेलाच राहिला, संध्याकाळी मुंग्या लागल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण सकाळपासून एक शब्दही बोललो नाही.

चौथ्या दिवशी घंटी वाजली. थांबून पुन्हा वाजली. आनंदराव बनियनवरच बाहेर आले.

"कचरा नहीं है, मैनाबाई. डबा रिकामा है."

"मालूम है, कका." मैनाबाईनं त्यांना खालून वरपर्यंत पाहून घेतलं. "ठीक हो ना? बस, यही देखना था."

"कशाला?"

"पंचफुला चाची ने बोला है. पहले बोली थी, मैं रोज डब्बा भर दूँगी, तू घंटी बजाना, और कका खुद न निकलें तब तक आगे मत जाना. कल हाथ जोड़ने लगी. बोली, अब डब्बा खाली रहेगा, फिर भी बजाना." तिनं पंचफुलाच्या बंद दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "उस दिन से ऐसी ही हो गई है, कका. शालू चाची वाले दिन से. मैं तो इधर सीटी बजा रही थी ना, चाची ने ही चुप कराया था. मुँह पे उँगली रखके. बोली, नाईटवाला सोया है."

मैनाबाई गाडी ढकलत पुढे गेली. आनंदराव फाटकाचा गज धरून उभे राहिले.

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत हे पोरासोरांनाही कळतं. ज्या घरचा माणूस नाईट करून आला, त्या घराशी सकाळी कोणी आवाज करत नाही, दार तर वाजवतच नाही. म्हणूनच दर रविवारी संध्याकाळी शालू भिंतीवरून पंचफुलाला हप्त्याची शिफ्ट सांगायची. शालू गेली त्याआधीच्या रविवारीही तिनं सांगितलं होतं, यांची नाईट हाय. सोमवारी रात्री कारखान्यातल्या नरेशचा फोन आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी नातवाचं बारसं होतं, ड्युटी बदलून हवी होती. त्याची आनंदरावांसारखी नाईट नव्हती, फर्स्ट होती, म्हणजे सकाळी सहाची. आनंदराव हो म्हणाले. हो म्हणायला काही लागत नाही. शालू भाकरी थापत होती. म्हणाली, "पंचफुलाले सांगा लागन. जाऊ द्या, आता झोपली असन ते. सकाळी सांगतो."

सकाळी साडेपाचला, पंचफुलाचं दार उघडायच्या आत, आनंदराव ड्युटीवर गेले. ते अडीचला परत आले तेव्हा दुधाची पिशवी फाटकालाच होती आणि शालू ओट्याखाली पडलेली होती, एका हातात लाटणं नाही, चिमटा नाही, नुसती मूठ. डॉक्टर म्हणाले होते, सकाळीच आणलं असतं तर. आनंदरावांनी ते वाक्य चार महिने एकट्यानं वाहिलं होतं. त्यात दुसरं कोणी वाटेकरी असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

पंचफुला दुपारी कपडे वाळत घालायला बाहेर आली तेव्हा ते भिंतीशी उभेच होते.

"वयनी," ते म्हणाले. "ड्युटी म्या बदलवली होती. तुमाले कोणी सांगतलंच नाही. तुमची चूक नाही."

पंचफुलानं ओली साडी पिळलेली तशीच हातात धरली.

"मी तिच्या फाटकात उभी होती, भाऊ," ती म्हणाली. "दार बंद दिसलं. म्हटलं, भाऊ झोपले, तेही पडली असन जराशी. मैनाबाईले म्याच पुढं पाठवलं. तवा ते आतमंदी..." तिनं साडीचं टोक मुठीत आवळलं. मग म्हणाली, "दार वाजवाले दोन पावलं होती. आता तुमच्या दारापाशी याले पाय उचलत नाही माहा."

आनंदरावांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. टॉवेल घरात राहिला होता, म्हणून हातानंच डोळे पुसले. मग आत गेले, हिरवा डबा उचलून आणला आणि भिंतीवर तिच्या बाजूला सरकवून ठेवला.

"आमच्या घरी आता नाईटवालं कोणी नाही, वयनी," ते म्हणाले. "दार वाजवत जा."

 साडी तिच्या हातातून ठिबकत राहिली.

दुसऱ्या दिवशी शिट्टीच्या आधीच ते जागे होते. फाटक वाजलं. पावलं पायरीपर्यंत आली आणि थांबली.  मग दारावर टकटक झाली, एका बोटानं, इतकी हलकी की आत कोणी खरंच झोपलेलं असतं तर त्याची कूसही बदलली नसती.

आनंदराव दाराशी गेले. कडीवर हात ठेवला.

"जोरात वाजवा, वयनी," ते आतूनच म्हणाले.

बाहेरची टकटक थांबली. मग दारावर तळहात पडला. मग दुसरा. मग पंचफुला दोन्ही हातांनी दार बडवू लागली, शालूचं नाव घेत. समोरच्या क्वार्टरची खिडकी उघडली, गल्लीत मैनाबाईची शिट्टी मध्येच थांबली. आनंदराव कडीवर हात ठेवून उभे राहिले आणि त्यांनी तिला वाजवू दिलं.