पायाखालचा पट्टा

बचाव पथकात दाजींना सगळेच दाजी म्हणत, कारण त्यांचा सख्खा मेहुणा त्याच पथकात होता आणि सुरुवात त्याने केली. दाजींचा हात भलता चलाख. जखमी माणूस स्ट्रेचरवर ठेवला की बघता बघता पट्ट्यांनी बांधून तयार. आणि हे दाजींना जरा जास्तच ठाऊक होतं, तिथेच तर सगळी गोम होती.

त्या दिवशी पाण्याच्या रिकाम्या टाकीत एक रंगारी शिडीवरून पडला. नडगी मोडली. टाकीचं तोंड एवढंसं, त्यामुळे स्ट्रेचर उभंच वर ओढावं लागणार. उभ्या स्ट्रेचरात माणूस खाली घसरतो. म्हणून धड पायाच्या तळव्याखालून एक पट्टा घ्यायचा आणि दोन्ही बाजूंना गाठ मारायची, की सगळा भार त्या पायावर येतो. शिवाय पथकाचा नियमच होता, एकाने बांधायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक गाठ हाताने चाचपून पाहायची.

दाजींनी छाती आवळली, कंबर आवळली, मांड्या आवळल्या. वरून माणसं डोकावत होती. कुणीतरी वा म्हणालं आणि दाजींना चेव चढला. पायाखालचा पट्टा राहिला तो राहिलाच. मेहुणा गाठी तपासायला वाकला, तर त्यांनी त्याचा हात झटकला.

"कालपर्यंत वेल्डिंग करत होतास, आता माझ्या गाठी तपासणार?"

मेहुणा बिचारा मागे सरला. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला काय बोलणार?

स्ट्रेचर उभं झालं आणि रंगारी वीतभर खाली घसरला. मोडका पाय तळाच्या दांडीवर टेकला. तो असा काही ओरडला की टाकी घुमली. त्याला परत खाली घेतलं. पट्टा मेहुण्याने बांधला, दाजींनी नुसती बॅटरी धरली.

बाहेर अॅम्ब्युलन्सपाशी पथकाच्या प्रमुखबाईंनी विचारलं, गाठी कोणी तपासल्या? मेहुणा पुढे झाला. काम माझं होतं, म्हणाला, राहून गेलं. बाईंनी त्याला तिथल्या तिथे दोराच्या कामावरून काढलं. दाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते स्ट्रेचरपाशी उभे राहून उगाच पट्टे नीट करत राहिले.

तेवढ्यात रंगाऱ्याने स्ट्रेचरवरून त्यांचं बोट धरलं.

"माफ करा हं दाजी. तुम्ही एवढं जीव लावून बांधलंत आणि मी लहान पोरासारखा बोंबललो."

आता मात्र दाजींना राहवेना. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

"हा तपासायला आला होता," ते खाली मान घालून बाईंना म्हणाले. "मीच त्याचा हात झटकला. पायाखालचा पट्टा मी बांधलाच नव्हता."

रंगाऱ्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्याने दाजींचं बोट सोडलं आणि तो हात मेहुण्यापुढे केला.